मोतीबाईच्या डाव्या बाजूची जागा

१२ जानेवारी १९६६

हिरामण खोटं बोलला! कोर्टात, सगळ्यांदेखत, माझ्याकडे न बघता. "कोंडाजी पाटलांनी जागा दिली का न्हाय, मला काय ठाव नाय."

ठाव नाय! हद्दीच्या खुंट्या कुणी ठोकल्या होत्या रे त्या दिवशी? पाटलांचा गडी तूच ना? पाटील तुझ्यासमोर म्हणाले होते — "मास्तर, ही पट्टी तुमच्या ख्रिस्ती माणसांना. मातीसाठी कुणाच्या दारात जाऊ नका." तोंडी शब्द. कागद नाही. आम्ही चार घरं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाकडे कागद मागायची लाज वाटली. त्या लाजेनंच घात केला. पाटील गेले, आणि त्यांच्या मुलानं, येसाजीनं, पट्टीला काटेरी तार घालून फाटकाला कुलूप ठोकलं. आत अकरा थडगी. त्यांतलं एक माझ्या मोतीबाईचं.

१६ जानेवारी, रविवार

पाळकसाहेबांचा उपदेश — न्याय देवाच्या हाती सोपवा. सोपवला. तीन वर्षं झाली सोपवून! तेवढ्यात येसाजीनं जीप घेतली, विहीर खणली. पाणीसुद्धा गोड लागलं.

येसाजी माझाच विद्यार्थी. चौथीत कविता म्हणायला उभा राहिला की वर्ग चिडीचूप व्हायचा. काय गळा होता! त्या कवितांत शेवटच्या कडव्यात दुष्टाची खोड मोडायची आणि पोरं टाळ्या पिटायची. मीही त्यांच्यात. छत्तीस वर्षं हेच शिकवलं. शेवटचं कडवं पुस्तकाबाहेर येत नाही, हे कुणी मला शिकवलं नाही.

२ फेब्रुवारी

तारेबाहेर उभा राहून आलो. थडग्यांच्या अधेमधे आंब्याच्या कलमांसाठी खड्डे घेतलेत. मोतीबाईची डावी बाजू अजून मोकळी आहे. ती जागा माझी. तिला मातीत ठेवलं त्याच दिवशी मी ती पावलांनी मापून ठेवली. सुईण होती ती. पिशवी घेऊन पार पळसदरीपर्यंत चालत जायची, आणि परत आली की पाय शेकत माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायची — "ती चांदण्याची म्हणा हो." अर्धा मुलूख पहिल्यांदा तिच्या हातात रडला. देवा, मला दुसरं काही नको. तिच्याशेजारी निजू दे.

येसाजी जीपमधून उतरला. "मास्तर, उन्हात कशाला उभे? भोवळ आली तर लोक माझं नाव घेतील."

"मला आत जायचंय."

"जाल की! एवढी घाई कसली?" — आणि गड्यांकडे बघून हसला.

३ फेब्रुवारी

आज एक प्रार्थना केली. इथे लिहून ठेवतो, स्वतःपासून कशाला लपवू? म्हटलं — त्याच्या अंगणातलं रडणं माझ्या कानांवर येऊ दे.

२१ मार्च

खोकला. दिवसभर पडून. कोर्टाची तारीख पुढे ढकलली.

१४ एप्रिल

येसाजीची सून बायजा सोमवारी बाळंत झाली होती. मुलगा. आज गेला.

बायजा कळंबची, पायाळू, जन्मताना पाय आधी आले. घरच्यांनी आशा सोडली होती, मोतीबाईनं तिला जगात आणलं.

रडणं ऐकू आलं. ओट्यावर बसल्या जागी, अगदी स्पष्ट.

१५ एप्रिल

शेजारची सोनुबाई सांगत होती. तान्ही लेकरं हिंदूंच्यातही जाळत नाहीत, ओढ्याकाठी पुरतात. पण बायजा अडून बसली. "वढ्याला एकटं नाय ठेवायचं. मोतीआयजवळ ठेवा." येसाजी ओरडला, समजावून थकला, शेवटी पाया पडला. ती बाळ हातचं सोडीना. मग त्यानंच जाऊन फाटकाचं कुलूप काढलं.

"कुठं ठेवलं गं?" मी विचारलं.

"डाव्या अंगाला. तितंच मोकळं व्हतं."

माझ्या जागेत!

१७ एप्रिल, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी माझा हात धरला. "पाहिलंत मास्तर? देव उशीर लावतो, विसरत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हात सोडवून घेतला.

तीन दिवसांचं पोर! त्यानं कुणाच्या थडग्याला तार घातली होती? हा तुझा न्याय असेल तर मला नको. आणि नसेल, तर हे लोक तुझ्या नावावर काय खपवताहेत? तू माझं ते मागणं ऐकलंस असं मी मानणार नाही. मरेपर्यंत मानणार नाही. तू न्यायी आहेस एवढं धरून बसलोय. हात दुखले तरी धरून बसलोय.

२ मे

हिरामण आला. खालीच बसला, ओट्यावर येईना. "खोटी शपथ घेतली म्या, म्हून ते प्वार गेलं. आता खरं सांगतो."

"गाढवा, देव काय तुझ्यासारखा आडमुठा आहे? पोराचा नि तुझ्या शपथेचा संबंध नाही. पण खरं सांग."

मग दोघेही रडलो. म्हातारे!

९ ऑगस्ट

निकाल लागला. पट्टी आमची! तार, कलमं तीस दिवसांत काढायची. ख्रिस्ती थडग्यांखेरीज आत जे असेल ते सगळं येसाजीनं हलवायचं.

आमच्या मंडळीतला दामू कोर्टाच्या पायरीवरच म्हणाला, "ते प्वारबी उकरायला लावू. तुमची जागा मोकळी होईल, मास्तर." खरं लिहितो — बरं वाटलं.

येसाजी भिंतीला टेकून उभा होता. जवळून गेलो तेव्हा खाली बघत म्हणाला, "मास्तर, बायजाला काय सांगू?" मी पायऱ्या उतरून निघून आलो.

५ सप्टेंबर

मोजणीदार आला. एकेक थडगं कागदावर उतरवत मोतीबाईपाशी थांबला. "हे बाजूचं एवढंसं? हे तुमच्यातलंच का?" दामूनं तोंड उघडलं.

मी आधी बोललो — "आमचंच. लिहा."

मला फाटकाजवळ पुरतील.