सतराशे पंच्याण्णवचे ओरखडे

लिओला आत्या,

विल्मरचा इथूनच वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेवढं चालवून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, तरी तू बिटाच्या रसात मुरवलेली अंडी बरणीतून उभ्या उभ्या काढून खातेस, असं कानावर आलं. सत्त्याऐंशीव्या वर्षी तुला कोण सांगणार! आम्ही सगळे ठीक.

पत्राचं कारण तसं काही खास नाही. (म्हणजे आहे, पण सावकाश येतो.) आजोबांचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा, तो सतराशे पंच्याण्णव सालचा चांदीचा अर्धा डॉलर मृत्युपत्राने माझ्याकडे आला, हे तुला ठाऊकच आहे. आमच्या नाणेमंडळाचं प्रदर्शन दर वर्षी फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये भरतं, आणि त्याआधी तीन परीक्षक प्रत्येक नाण्याला सत्तरपैकी गुण देतात. इतक्या जुन्या नाण्याला पंधरा मिळाले तरी मालक आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वरून चालतो. स्वातंत्र्यदेवीच्या केसांच्या बटा किती उरल्यात, गरुडाची पिसं मोजता येतात का, हे भिंगाखाली बघायचं. नाणं कडेने धरायचं, त्याच्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही (थुंकी उडते), आणि पुसायचं तर मुळीच नाही. दोनशे वर्षांचा मळ ही आमच्यात अब्रू समजतात. गेल्या वर्षी एक गृहस्थ नाणं साबणाने धुऊन घेऊन आले, तर त्यांना कुणी कॉफीसुद्धा विचारली नाही.

तर आपल्या नाण्यावर, बाईसाहेबांच्या तोंडावरच, आडव्या आठ-दहा रेघा आहेत. परीक्षक म्हणाले, ओरखडलेलं आहे, गुण नाहीत. मग मी उठलो. (मी उठलो की काय होतं, हे तू घरच्या लग्नांत पाहिलंयस.) म्हटलं, अरे शहाण्यांनो, टाकसाळ तेव्हा नवी होती! चांदीची चकती वजनाला जास्त भरली, की कामगार कानशीने घासून जादा चांदी काढत आणि मग तिच्यावर ठसा मारत. त्या कानशीच्या खुणा दोष म्हणून धरत नाहीत! इथपर्यंत पुस्तकातलं. पुढचं माझं. हे ओरखडे नव्हेत, नवजात प्रजासत्ताकाच्या कष्टाळू बोटांच्या खुणा आहेत, असं मी पाऊण तास सांगत होतो. खजिनदार रडला. (तो साबणाच्या जाहिरातीलाही रडतो, पण तरी.) नाण्याकडे पुन्हा कुणी बघितलंच नाही, सगळे माझ्याकडे बघत होते. गुण पडले पंधरा, आणि त्याच बैठकीत मला मुख्य परीक्षक नेमलं. आता कानशीच्या खुणा अस्सल कशा दिसतात, हे मंडळात आपल्या नाण्याशी ताडून ठरतं.

रविवारी हे सगळं तुला फोनवर हौसेने सांगायला गेलो, तर तू हसत सुटलीस. "अरे गाढवा, ती माझी किसणी!" सहा वर्षांची असताना तुला नाताळात चमकत्या कागदातलं चॉकलेटचं नाणं मिळालं, ते संपल्यावर आजोबांच्या नाण्यातही चॉकलेट असणार म्हणून तू ते जायफळाच्या किसणीवर घासलंस! आत्या, एक्याऐंशी वर्षं ही गोष्ट पोटात ठेवलीस, अजून चार दिवस ठेवली असतीस तर काय पोट फुटलं असतं? फोन ठेवला आणि भिंग घेतलं. कानशीनंतर ठसा बसतो, म्हणून खऱ्या खुणा चित्राखाली दबलेल्या असतात. आपल्या रेघा बाईसाहेबांच्या नाकावरून खुशाल पलीकडे गेल्यात. शेंबडं पोरही सांगेल. सांगितलं नाही ते मंडळातल्या आम्ही बावीस जाणकारांनी.

असो. गुडघ्याला जप, औषध वेळेवर घे.

तुझा लाडका भाचा,
विल्मर हॉस्टेटर
(मुख्य परीक्षक)

ता. क. शनिवारी प्रदर्शनाला आणि नंतरच्या जेवणाला शेजारणीच्या गाडीतून येणार म्हणालीस. पेनसिल्व्हेनियात या दिवसांत रस्त्यावर बर्फ असतो, हॉलमधल्या खुर्च्या लोखंडी आहेत आणि सूप पाणचट असतं. येऊ नकोस. तुझं जेवण मीच डब्यात घालून आणतो. आलीसच, तर स्वयंपाकघरातल्या कुठल्याही वस्तूचं नाव चारचौघांत काढू नकोस. एवढ्याचसाठी हे पत्र.

आणखी एक. आमोस डंकेलबर्गर तुला आठवत असेल. मला भिंग धरायला त्यानेच शिकवलं. मंगळवारी तो स्वतःचा सतराशे पंच्याण्णवचा अर्धा डॉलर घेऊन आला. एकोणीस वर्षं शोधत होता. त्याच्या नाण्यावर रेघा आहेत, आणि त्या चित्राखाली दबलेल्या आहेत, अगदी पुस्तकासारख्या. मला पहिल्याच नजरेत दिसलं. पण दोन्ही नाणी शेजारी ठेवली असती तर दोन मिनिटांत माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून मी म्हटलं, "आमोस, या जुळत नाहीत रे. ओरखडे आहेत." त्याला मोतीबिंदू आहे, आता स्वतःला नीट दिसत नाही. "तू बघितलंस ना? मग झालं," म्हणाला, आणि दर महिन्यासारखा सगळ्यांचे कॉफीचे कप विसळायला गेला. काल कळलं, सोमवारी तो आपली नाण्यांची सगळी पेटी दुकानदाराला देऊन टाकणार आहे. म्हणतो, साधा ओरखडा ओळखू आला नाही, तर मी या धंद्यात कशाला राहू? आत्या, मला जेवण जात नाही.

शेवटचं. पहिला ता. क. खोडायला हवा होता, पण कागद एवढाच उरलाय. तू ये. बर्फबिर्फ काही नाही, मी चौकशी केली. चार वाजता मीच तुला घ्यायला येतो. आमोसला खरं सांगायचं म्हणून मी चारदा आरशासमोर उभा राहिलो आणि चारही वेळा माझं भाषणच झालं. त्याच्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरलीय. मी उठून "बंधूंनो" म्हटलं रे म्हटलं, की मला खाली बसव आणि तूच सांग. मला आपणहून बसता येत नाही.