मामाच्या पायाला तेल

आये, तुला हसू येईल, पण मी या वयात मास्तरीण झाले आहे. नागावच्या पुढे एक दवाखाना आहे, तिथे ज्यांच्यावर आता औषध चालत नाही, दिवस थोडे उरलेत, अशी माणसं ठेवतात. त्यांच्या नर्सांना मी शिकवते: कोमट खोबरेल, पायांची मालीश, केसांतून हळू बोटं फिरवणं आणि आपलं तोंड बंद ठेवणं. तोंडाचं मात्र कुणालाच जमत नाही, मलाही नाही. चौथीत शाळा सोडलेली मी, आणि समोर शिकलेल्या पोरी वह्या उघडून बसतात! तुझे हात बघून आलेली विद्या, ती वहीत कशी मावायची? मायेने हाक मारा, मामा म्हणा, मावशी म्हणा, हेही मीच सांगितलं.

परवा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तीन नंबरच्या खाटेवरचे तांडेल आठ दिवस नीट झोपले नाहीत. त्यांना गुण आला तर पुढचा वर्ग, नाहीतर राहू दे." जन्मभर बोट चालवलेला म्हातारा तो. पाय सुजलेले, पण कुणाला हात लावू देईना. माझ्या वर्गातली हुशार पोरगी तेलाची वाटी घेऊन जाते, म्हणते, "मामा, पाय द्या." म्हातारा पाय पोटाशी ओढतो.

"मामा म्हनतेस नि पायाला हात लावतेस? भाचीनं मामाच्या पायाला शिवायचं नसतं गो! जाता जाता माझ्या माथी पाप कशाला?"

आठ दिवस बिचारा भाच्यांपासून पाय लपवत होता! तू असतीस तर माझ्या पाठीत धपाटा घातला असतास. पोरगी माझ्याकडे बघते, मी छताकडे. शेवटी तिनेच विचारलं, "मग नात म्हणून येऊ का, आजोबा?"

"नात चालंल," म्हणत त्याने दोन्ही पाय पुढे केले. "पन नीट चोळ. भाकरी थापतेस काय?"

थोड्या वेळात असा घोरायला लागला की सिस्टर धावत आल्या, आणि दारातूनच म्हणाल्या, "सोमवारी नवा वर्ग."

वाटी पुसताना पोरगी विचारते, "मावशी, तुम्ही आईचे पाय असेच चोळलेत ना?" मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहवतंय. तुझ्या शेवटच्या दिवशी पाय शेजारच्या काकीने चोळले. मी मासळी निवडायचं सांगून बंदरावरच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी होड्या गेल्याच नव्हत्या, आये. निवडायला मासळी नव्हती.