हुंकाराचा कौल

सदाशिव पेठ, पुणे

तीर्थस्वरूप तात्यारावमामांस,

साष्टांग नमस्कार (गुडघा कुरकुरतो, म्हणून कागदावरच). तुमचा खोकला आणि शेजाऱ्यांशी चाललेले पार्किंगचे भांडण, दोन्ही पूर्ववत असतील असे धरतो. कोथरूड काही परदेशात नाही. पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरे करू देत नाही, म्हणून पत्र.

आमच्या संस्थेतल्या पोथ्यांची छायाचित्रे बाहेरच्या अभ्यासकांना मिळावीत म्हणून तुम्ही पूर्वी जी व्यवस्था बसवून दिलीत, ती इंटरनेटच्या ज्या जुन्या नियमांवर चालते, ते नियम आता निवृत्त करायचे की नाही यावर एक जागतिक समिती बसली आहे. ते गेले की नवी यंत्रे आमच्या सर्व्हरशी हळूहळू बोलणे सोडतील. दुसरी व्यवस्था बसवायला संस्थेत माणूस नाही आणि (चिटणिसांच्या मते) गरजही नाही. म्हणजे पोथ्या पुन्हा कपाटात. म्हणून विरोध करायला मी त्यांच्या ऑनलाइन सभेत बसलो.

तिथे हात वर करायचे नसतात. अध्यक्षीणबाई प्रश्न विचारतात, ज्यांना मान्य असेल त्यांनी तोंड मिटून हुंकार धरायचा. आवाज कुठे मोठा ते ऐकून कौल ठरतो. (हसू नका, तुमच्या सोसायटीच्या सभेपेक्षा हे शांत असते.) बाईंनी विचारले, निवृत्तीच्या बाजूने कोण? दोन-चार घशांतून बारीक गुंजारव उठला. आणि मामा, वेदपाठशाळेने अंगात काय मुरवले आहे ते तुम्ही जाणता: शेजारच्याने स्वर लावला की आपण तो उचलायचा आणि श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही. मी उचलला. माइक चालू. स्वर असा लागला की उत्कर्षा (तुमची भाचेसून) आतून येऊन म्हणाली, "अहो, प्राणायाम गच्चीत करा. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत."

विरोधाची पाळी आली तेव्हा श्वासच उरला नव्हता. निघाला तो उसासा, आणि तो कुणी धरला नाही. बाई म्हणाल्या, कौल स्पष्ट आहे, विशेषतः पुण्याचा.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही (दुसऱ्यांदा भात घेणे सोडले आहे).

तुमचा,
दत्तप्रसाद

ता. क. लेखी हरकतीला अजून मुदत आहे. माझी आता कोण घेणार? व्यवस्था तुम्ही बसवलेली, तुमची घेतील. एवढे कराच.

ता. क. २. सर्वांत उत्साही समर्थक म्हणून निवृत्तीचा मसुदा लिहिण्याचे आणि आलेल्या हरकती खोडून काढण्याचे काम समितीने माझ्याकडेच दिले आहे. भिडेपोटी हो म्हणालो. तेव्हा मला खोडता येणार नाही अशी हरकत लिहा. जरा जपून लिहा. मसुदा फार सुरेख उतरतो आहे.