सातवी पायरी

१२ जून, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. पोरं शाळेत जातात, यांचं काम नेहमीसारखं चालू आहे. ‘तुम्ही दोघं मजेत असाल’ असं दर पत्रात लिहिते. आज लिहिणार नाही.

काल कचेरीत तुझ्या घरचा गरिबीच्या पाहणीचा कागद माझ्या हाती आला. नातेवाइकांकडे आपण जायचं नाही असा नियम आहे, म्हणून तुझ्या गल्लीत कचेरीतली माझी मैत्रीण आली होती. तिनं दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र पुढे धरलं. सगळ्यांत गरीब तळाला, तुम्ही कुठे? तू कापडावरची कात्री न थांबवता म्हणालास, “लिहा सातवी. समोरचा इस्त्रीवाला पाचवर, मग मी काय खाली बसू?” दुकानात दोन गिऱ्हाइकं होती म्हणे. वर्षात कधी उपाशी राहिलात? “छे हो, काहीतरीच काय!”

वहिनी पडद्याआड होती. तिला कुणी विचारलंच नाही.

मागच्या महिन्यात मी आले तेव्हा तिनं दोन पानं वाढली. “मी बसते मागाहून,” म्हणाली. मी पातेल्याचं झाकण काढून बघितलं, दादा. मागाहून काहीच नव्हतं.

सातव्या पायरीला मोफत ऑपरेशन मिळत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनच्या यादीतून वहिनीचं नाव उडालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे! जळो तुझी ती मूठ. आणि आमचे साहेब म्हणतात, लोक फुकटासाठी गरिबीची रडगाणी गातात, सगळ्यांची उत्तरं एक पायरी वर धरा. असा संताप आला की चहाचा कप आपटला मी.

पण त्यांना बोलायला मला तोंड कुठे आहे? आमच्याकडे पाहणी झाली तेव्हा मीही आठवी सांगितली. विचारणारी माझ्याच कचेरीतली. तिच्यापुढे नाक कसं कापून घेऊ? यांचं काम सुटून पाच महिने झाले. वर लिहिलंय ते खोटं आहे. संध्याकाळी मी जेवत नाही, पोरांना सांगते पोट बिघडलंय.

सोमवारी फेरतपासणी आहे. आपली दोन्ही घरं मी त्यात घालायला लावली आहेत. गिऱ्हाइकांना बाहेर काढ, दार लाव. आणि तू तोंड उघडू नकोस. वहिनीला बोलू दे.

तुझ्यावर चिडलेली, अगदी तुझ्याच वळणावर गेलेली,
धाकटी