दुसरी वेलांटी

ता. ११ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

प्रिय ताई,

चहाचे पाणी ठेवले आहे आणि ते उकळेपर्यंत हे पत्र सुरू करतो आहे. सदऱ्याला टोचलेली सुई आधी काढून ठेवली, नाहीतर मागच्या वेळेसारखी पाकिटातून तुझ्याकडे यायची. तू भाऊजींकरवी विचारलेस की पाच महिन्यांत चार ओळी लिहायला सवड झाली नाही का. सवड होती ग. पण जे लिहायचे होते ते पुरे झाले नव्हते, आणि अर्धी शिवलेली गादी गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हे मी दुकानात पहिल्याच दिवशी शिकलो. आता काम पुरे झाले आहे. म्हणजे एक टाका राहिला आहे आणि तो तुझ्या हातचा आहे. ते शेवटी लिहितो. नेहमीप्रमाणे शेवटचे पान आधी वाचू नकोस.

मे महिन्यात तू मला भेटायला आलीस तो दिवस आठव. पूर्वी आपल्याकडून इकडे येणारी गाडी चांगली होती. मऊ आसने, पडदे, दोन्ही टोकांना संडास. रेल्वेने ती कुठे नेली देव जाणे, आणि तिच्या जागी शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला माणसे पोचवणारे तीन डबे लावून दिले. प्लास्टिकची कडक बाकडी, धरायला लोंबते पट्टे, सामानाला फळी नाही, संडास तर नाहीच. दारावर पाटी तशीच राहिली होती : ‘हा डबा चाळीस मिनिटांपर्यंतच्या प्रवासासाठी आहे.’ आणि प्रवास दहा तास चाळीस मिनिटांचा! मी फलाटावर हसत उभा होतो. तू उतरलीस, मला ओलांडलेस आणि तशीच पुढे जात म्हणालीस, “तू बरा आहेस, दिसतंय मला. आधी सांग, कुठे आहे?” मी बोट दाखवले आणि तू पळालीस. गुडघे धरून चालणारी माझी बहीण त्या दिवशी पळाली.

मग चहा घेताना तू शपथ घेतलीस. शब्द न् शब्द मला पाठ आहे. “बारक्या, उद्या तुझं लग्न जरी असलं ना, तरी मी या डब्यात पुन्हा पाय ठेवणार नाही.” मी खूप हसलो, कारण लग्न तेव्हा दुर्बिणीतूनही दिसत नव्हते. पण तुझी शपथ म्हणजे काय ते मला माहीत आहे. बस तुला लागते, म्हणून परत जाताना तू खरोखरच कोबीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेलीस. दीड दिवस लागला. तू हात हलवत गेलीस आणि मी खोलीवर येऊन दुसरा कप विसळला. तेव्हाच ठरवले की रेल्वेकडे तक्रार करायची.

तक्रार मी सात वेळा लिहिली. ‘संडास’ लिहायचा संकोच वाटला म्हणून ‘शौचालय’ कोशात बघून घेतले. स्टेशनवरची तक्रारीची खिडकी मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते पाच उघडी असते. सातव्या प्रतीवर शाई सांडली आणि आठवी मी चार पन्नासला फलाटावरच्या बाकावर घाईघाईने उतरवली. खिडकीमागच्या बाईंनी ती सगळी वाचली. कोणी सगळे वाचते असे मला वाटले नव्हते. मग त्यांनी पेन्सिलने एका शब्दाभोवती गोल केला आणि म्हणाल्या, “अहो, रेल्वेकडे पाणी मागा, कधीतरी मिळेल. तुम्ही तर पाणि मागितलंय. पहिल्या वेलांटीचा पाणि म्हणजे हात. पाणिग्रहणातला. रेल्वे कुणाचा हात देणार तुम्हाला?” मागे रांगेत हमाल होता तो म्हणाला, “द्या की, स्टेशनमास्तरांचा द्या!”

ताई, जमीन फाटली असती तर मी टेप लावून खोली मोजत बसलो नसतो, सरळ उडी टाकली असती. आठवीत शाळा सुटल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याशी बसवून तूच मला शिकवले होतेस ना, पाणी वाहते म्हणून त्याची वेलांटी दुसरी. चुकले की दहा वेळा लिही. ‘पिण्याचे’मधली पहिली वेलांटी हाताला लागली आणि पुढच्या शब्दावर तशीच घसरली. मी म्हणालो, उद्या नवी प्रत आणतो. त्या म्हणाल्या, “उद्या खिडकी बंद असते. आणि एवढ्या सुंदर अक्षरात एक चूक असलेली बरी, नाहीतर साहेबांना वाटेल छापून आणलंय.” तरी मी गुरुवारी नवी प्रत घेऊन गेलोच. वर दहा वेळा ‘पाणी’ लिहिलेला कागदही नेला. त्यांनी तो ठेवून घेतला.

(चहाचे पाणी आटले. दुसरे ठेवले.)

जुलैत रेल्वेचे उत्तर आले : डब्यातील आसने नियमानुसार आहेत. मी विचारले, कोणत्या नियमानुसार? बाईंनी नियमांचे पुस्तक काढले. आसने चाळीस मिनिटांच्या नियमात बसत होती, दहा तासांच्या नाही, पण हे कोणीतरी मोजून दाखवायला हवे होते. मोजणे हे तर माझे पोटापाण्याचे काम. मी दोन दिवस सुट्टी घेतली, टेप घेतला, माझ्या हातच्या दोन गाद्या घेतल्या आणि सकाळी फलाटावर गेलो. बघतो तर खिडकीमागच्या बाई जेवणाचा डबा घेऊन उभ्या. म्हणाल्या, कार्यालयातर्फे कोणीतरी पडताळणीला हवे, आणि बाकी सगळ्यांची पाठ दुखते.

आसनाची खोली चौतीस सेंटिमीटर, पाठ भिंतीसारखी सरळ, थांबे एकतीस, दारे एकतीस वेळा उघडली आणि प्रत्येक वेळी वारा सगळ्यांच्या मांडीवर येऊन बसला. मी बोलत गेलो, बाई लिहीत गेल्या. एक गादी मी त्यांना दिली. दुसरी पाच मिनिटे माझ्याखाली टिकली, मग समोरच्या आजींकडे गेली, त्यांच्याकडून एका गरोदर मुलीकडे, आणि शेवटी दर थांब्याला पाळी लावून ती डबाभर फिरू लागली. एक गृहस्थ तर घड्याळ लावून बसले होते. “आजी, झालं हं तुमचं स्टेशन, उठा!” गादी शिवणाऱ्याला याहून मोठा मान काय मिळणार?

मधल्या जंक्शनला गाडी बारा मिनिटे थांबते आणि सगळा डबा फलाटावरच्या एकुलत्या एका संडासाकडे धावतो, हे तुला सांगायला नको. त्या आजी रांगेत शेवटच्या. गाडी सुटायची शिट्टी झाली आणि आजी अजून आतच. मी घाबरून नुसता उभा. बाई शांतपणे म्हणाल्या, “दारं मिटल्याशिवाय ही गाडी हलत नाही. गादी द्या.” आणि त्यांनी माझी गादी दारात उभी करून लावली. दार मिटायला यायचे, गादीला टेकायचे आणि परत जायचे. गार्ड ओरडत आला, “ही गादी कुणाची?” ताई, तू मला ओळखतेस. शाळेत वर्गात कोणीही शाई सांडली तरी चेहरा माझाच उतरायचा. पण त्या दिवशी माझ्या तोंडून खणखणीत आवाजात गेले, “माझी! आजी आल्याशिवाय निघणार नाही.” आजी आल्या, पदराने हात पुसत म्हणाल्या, “एवढी काय घाई आहे मेल्यांना!” आणि गाडी सुटली. बाईंनी वहीत नोंद केली : जंक्शनला सहा मिनिटे विलंब, कारण शौचालय. मग माझ्याकडे बघून हसल्या. इथून पुढे त्यांना ‘बाई’ लिहायला मला जड जाते आहे, तरी लिहितो.

ती मोजमापे वर गेली. डेपोच्या साहेबांनी बोलावले तेव्हा मला वाटले गादीबद्दल दंड होणार, म्हणून जाताना रुमालात पैसे बांधून नेले. साहेब म्हणाले, “जुन्या गाडीचा एक डबा पडून आहे, पण त्यातली चौसष्ट आसनं फाटलीत. कापड आलंय, पण शिवायची मजुरी पुढच्या वर्षी मंजूर होईल.” मी म्हणालो, सामान तुम्ही द्या, मजुरी पुढच्या वर्षी द्या, शिवतो मी. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितले. दुकान सुटले की डेपो, रविवारी दिवसभर डेपो, असे ऑगस्ट आणि सप्टेंबर गेले. चौसष्ट आसने झाली. एक नोव्हेंबरपासून दर सोमवारी आणि शुक्रवारी तो डबा तुमच्याकडून सुटणाऱ्या गाडीला मागे लागेल. पंख्यांपैकी दोन चालत नाहीत आणि संडासाची कडी आतून हाताने धरावी लागते. पण संडास आहे.

आता खरे कारण. आसने संपल्यावर मला खिडकीवर जायला कारण उरले नाही. तीन ऑक्टोबरला, मंगळवारी, मी एका ओळीची नवी तक्रार दिली. चांगला कागद घेतला आणि लिहिले : ‘पाणि मिळावा, ही नम्र विनंती.’ पहिली वेलांटी. जन्मात पहिल्यांदा मी पूर्ण शुद्धीत असे लिहिले. तिने वाचले. पेन्सिल उचलली, ठेवली. कागदावर आवक क्रमांक घातला, ३१२, आणि म्हणाली, “निर्णय सात दिवसांत कळवण्यात येईल.” सात दिवस, ताई! नियम म्हणजे नियम. मी त्या आठवड्यात एक सोफा उलटा शिवला. काल सातवा दिवस. तिने कागद परत दिला, खाली लिहिले होते : ‘मंजूर. अर्जात दुरुस्तीची गरज नाही.’

काल संध्याकाळीच ती मला घरी घेऊन गेली. तिचे वडील शाळेत भाषा शिकवत होते. त्यांनी पगार विचारला नाही, पाटी-पेन्सिल दिली आणि दहा शब्द घातले. दहाही बरोबर आले. त्यांनी पाटी दोनदा तपासली आणि विचारले, “आठवीपर्यंतच शिकलात म्हणता, मग हे कुणी शिकवलं?” मी म्हणालो, आई गेल्यावर ताईने, ओट्याशी बसवून. ते म्हणाले, “त्या बाईंना मला भेटायचंय. त्या आल्याशिवाय तारीख काढायची नाही.” झाले. आता तूच सांग काय करू. मी काल झोपण्याआधी तुझी शपथ नीट तपासली. तू म्हणालीस ‘या डब्यात’, आणि हा तो डबा नव्हेच. शिवाय तू म्हणालीस ‘लग्न जरी असलं तरी’, आणि हे अजून लग्न नाही, नुसती भेट आहे. शुक्रवार, तीन नोव्हेंबर, सकाळी सात दहाची गाडी, शेवटचा डबा, आसन सतरा. खिडकीचे आहे, संडासापासून चार आसने दूर. गुडघ्यांसाठी कडेला फोम दुहेरी घातला आहे आणि खालच्या शिवणीत, कोणाला दिसणार नाही अशी, एक दुसरी वेलांटी काढली आहे. हात घालून बघ. तू यावेस म्हणूनच तर मी चौसष्ट शिवली. एकच शिवू देत नव्हते.

दुसरे पाणीही आटले. सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटे. आज चहा दुकानातच.

तुझाच,
बारक्या

ता. क. हिशेब :
झालेला खर्च : कागद, शाई आणि तिकिटे, दोनशे पंधरा. डेपोत जायचे बसभाडे, तीनशे चाळीस.
देणे : हमालाला एक चहा, बारा. (स्टेशनमास्तरांचा हात घ्यावा लागला नाही म्हणून.)
रेल्वेकडून येणे : चौसष्ट आसनांची मजुरी, पुढच्या वर्षी.
तुझ्याकडून येणे : एक शपथ, मागे घेतलेली.