भोंग्याच्या रडण्याचे कारण

२ मार्च, सोमवार

या नोंदींतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: यंत्रांनी कुत्र्याचे एकटेपण हलके होत नाही. मुलाचे मत उलट आहे. दूरच्या नोकरीवर जाताना तो आपला कुत्रा माझ्याकडे ठेवून गेला आणि जाण्याआधी स्वतःच्या मोबाइलवरून चार यंत्रे जोडून गेला — दिवाणखान्यात कॅमेरा, त्याच्याशेजारी स्पीकर, बिस्किटे उडवणारा डबा आणि ठरल्या वेळी आपोआप सरकणारा पडदा. "आई, तू कॉलेजात असलीस तरी त्याला घर जागं वाटेल." घर जागे! वरच्या मजल्यावरची परिचारिका रात्रपाळी करून येते. तीही जागीच असते.

कुत्र्याचे नाव भोंगा. ठेवले तेव्हा त्याला कंठही फुटला नव्हता.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते एक, मी विधी महाविद्यालयात युक्तिवाद शिकवते. तेवढ्या वेळात तो रडतो. इमारतीच्या व्यवस्थापकाचे पत्र आले आहे: महिनाअखेरपर्यंत रडणे थांबले नाही, तर कुत्र्याला येथे राहता येणार नाही.

४ मार्च, बुधवार

मोबाइलवर यंत्राचा संदेश: "तुमचा लाडका आत्ता मजेत आहे." त्याच क्षणी लाडक्याचे विव्हळणे भर वर्गात मोबाइलमधून घुमले. मागच्या बाकावरून कोणीतरी — "मॅडम, प्रतिवादी हजर!" वर्ग हसला. मी मोबाइलचा आवाज बंद केला, तो कायमचा. यंत्र रोज संध्याकाळी तक्ता देते: वेळ, तीव्रता, कालावधी. पुरावा म्हणून तो पुरेसा आहे. विव्हळणे ऐकल्याने पुराव्यात भर पडत नाही.

९ मार्च, सोमवार

चार दिवसांचे तक्ते शेजारी ठेवले. दहा ते अकरा वीस — शांतता. अकरा वीसला आरंभ. चाळीस मिनिटे, अडतीस, पंचेचाळीस, एकेचाळीस. आरंभात मिनिटाचाही फरक नाही! अर्थात कारणही त्याच सुमारास घडत असले पाहिजे. बिस्किटांचा डबा अकरा वीसलाच वाजतो.

हे परिचारिकेला जिन्यात सांगितले. ती म्हणाली, "काकू, कारण काहीही असू दे हो. मला अकराला डोळा लागतो आणि वीस मिनिटांत हा गळा काढतो. काल मी एका पेशंटला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारली." चिडून बोलली असती तर उत्तर देता आले असते. ती हसून बोलली.

डबा बंद केला.

११ मार्च, बुधवार

डबा बंद. तरी अकरा वीस! त्रेचाळीस मिनिटे.

१३ मार्च, शुक्रवार

पडदाही बंद. तरी अकरा वीस. स्पीकर मी कधी वापरलेलाच नाही. त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

यंत्रे दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. "आजी, एकदा बंद करून चालू करून बघा." मी त्याची आजी नाही. बंद करून चालू केले.

१५ मार्च, रविवार

मुलाचा फोन.

"भोंगा कसाय?"

"आहे."

"आणि तू?"

"मीही आहे."

"आई, एखादं वाक्य तरी लांब बोल ना!"

व्यवस्थापकाच्या पत्राचे सांगितले नाही. इतक्या लांबून तो करणार काय? तू कसा आहेस, हे विचारायचे राहिले. आवाज खणखणीत होता.

१८ मार्च, बुधवार

अकरा वीस.

२० मार्च, शुक्रवार

बाहेरची कारणे एकेक करून बाद झाली. उरतो कुत्रा. त्याला एकटे राहणे जमत नाही, आणि मला घरी बसणे जमणार नाही. शहराबाहेर कुत्री सांभाळणाऱ्या बाईंशी बोलले. "आणा मंगळवारी. त्याचं जुनं अंथरूण धुऊ नका हं मॅडम, तसंच द्या. वास नसला की खात नाहीत ती."

अंथरूण न धुता घडी करून ठेवले. भोंगा त्या घडीवर जाऊन झोपला. याचा निष्कर्षाशी संबंध नाही.

२३ मार्च, सोमवार

दुपारी दुरुस्तीवाला यंत्रे काढायला आला. "आजी, आवाज कशाला बंद ठेवलाय? चालतंय का ते तर बघू." त्याने आज सकाळचे चित्रण माझ्या मोबाइलवर लावले.

सव्वाअकरा. भोंगा गाढ झोपलेला. आणि स्पीकरमधून माझ्या मुलाचा आवाज —

"भोंग्या! ए शहाण्या! चहाची सुट्टी झालीय, पाच मिनिटं आहेत. आई गेली ना शिकवायला? गुडघा कसाय रे तिचा? मला नाही सांगत ती. तू तरी सांग की."

भोंगा ताडकन उठला. स्पीकरच्या मागे शोधले, सोफ्याखाली शोधले, मग दारापाशी जाऊन शेपूट हलवत बसला. मुलगा बोलतच होता. तिथे कोणी बोलत नाही म्हणाला. जेवताना समोर मोबाइल उभा करतो म्हणाला. "चल, ठेवतो. परवा येतोच."

आवाज थांबला. भोंगा दाराकडे पाहत राहिला. दार उघडले नाही. मग त्याने मान वर केली आणि गळा काढला.

अकरा वीस.

"काढू का मग?" दुरुस्तीवाल्याने विचारले.

"हात लावू नकोस," मी म्हणाले. मग तो म्हणाला, "पाणी आणू का, आजी?" मी हो म्हटले.

२४ मार्च, मंगळवार

कुत्रीवाल्या बाईंना नकार कळवला. सकाळचे तिन्ही तास दुपारी घ्यायचे ठरवले. प्राचार्य म्हणाले, "दुपारी मुलं पेंगतात हो, मॅडम." पेंगू देत. परिचारिका दुपारी उठलेली असते. तिलाही सांगून आले. व्यवस्थापकाला लेखी कळवले: कारण सापडले आहे.

कारण काय, ते लिहिले नाही.

२५ मार्च, बुधवार

सव्वाअकरा. "भोंग्या! आई गेली का?"

"नाही," मी स्पीकरकडे तोंड करून म्हणाले. "गुडघा दुखतो. जिना चढताना जास्त. आता तुझं सांग."

तो सांगू लागला. पाच मिनिटे पुरली नाहीत.

कबुली: तिकडे त्याचे सगळे ठीक चालले आहे, हे मी कोणत्याही पुराव्याशिवाय गृहीत धरले होते. चूक माझी.

(सही) आई