कुत्रीशी बोलायचा आवाज

अप्पा, गेल्या रविवारी अकोल्याला माझी कुत्री अडथळ्यांच्या शर्यतीत धावली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही बातमी सांगायला दुसरं कोणी सुचलं नाही.

तुम्ही बुलढाण्याला पोलिसांच्या श्वानपथकात होतात. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन मैदानाच्या तारेपाशी उभी राहायची. तुम्ही गुडघ्यावर बसला आहात, पथकातल्या त्या तांबूस लॅब्राडोर कुत्रीचे कान चोळता आहात, "शाब्बास वं पोरी" म्हणता आहात. घरात तुमचा आवाज अभ्यास आणि जेवण एवढ्यापुरताच निघायचा. एक दिवस मी चपला काढल्या, फ्रॉक खोचला आणि तिच्या पुढे धावत जाऊन लाकडी अडथळ्यावरून उडी मारली. फळीला पायसुद्धा लागला नाही. तुम्ही म्हणालात, "काऊन मधात येऊन राह्यली? बाजूले हो. तिचं ध्यान भटकते." कामाच्या जागी तुमचं बरोबरच होतं. मी मात्र कितीतरी दिवस तिच्याकडे बघितलं नाही. ती मला पाहून शेपटी हलवायची, त्याचा आणखी संताप यायचा.

आता मी चिखलीच्या एका शाळेत खेळ शिकवते. ही कुत्री गावठीच, काळी, अजून पोरवयातली. घरामागच्या मोकळ्या जागेत मी बांबूचे अडथळे रोवले, तळ कापलेली पिंपं जोडून बोगदा केला, दोन रुंद फळ्या एकमेकींना टेकवून चढउतार केला. उड्या ती हसतखेळत मारायची, बोगद्यातून बाणासारखी निघायची. फळीवर मात्र वरच्या टोकाला जाऊन थरथरत उभी राहायची. उकडलेल्या अंड्याचे तुकडे दाखवून झाले, लाडीगोडी झाली, मी स्वतः रांगून दाखवलं. उतरायची नाही.

एका सकाळी आई फळीच्या पलीकडच्या बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "भेतं काऊन वं माय? ये, मी हाय न इथं." आणि ती उतरली, अप्पा. सरळ आईच्या सुपात तोंड घालायला. "पाह्य, आली न!" आई हसली. मी हातातला अंड्याचा तुकडा मातीत टाकला.

त्यानंतर आई समोर असली तरच ती उतरायची. मी आईला ऊन लागेल म्हणून आत पाठवायची आणि कुत्री फळीच्या टोकावरून दाराकडे बघत बसायची. अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी मी आईला सांगितलं, शर्यतीला जाणाऱ्यांच्या जीपमध्ये जागा नाही. पहाटे ती कुत्रीसाठी तूप लावलेली भाकर बांधून दारात उभी. "सांभाळून नेजो तिले," एवढंच म्हणाली. मला तिच्या डोळ्यांत बघवेना. म्हटलं, "चाल, एकजण येऊन नाही राह्यला." तिनं पायात चपला घालायलासुद्धा वेळ लावला नाही.

मैदानावर कुत्री फळीच्या टोकाला थांबली. मी हाका मारत होते आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे होती. दोरीमागून आवाज आला, "ये वं माय." पंचांनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा घड्याळाकडे नजर वळवली. ती उतरली, बोगद्यातून निघाली आणि रेघ ओलांडून मला वळसा घालून आईकडे गेली. तिसरा नंबर आला. लोकांनी माझं अभिनंदन केलं.

परतीच्या वाटेवर ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आई तिच्या कपाळावरून हात फिरवत पुटपुटत होती, "दमली माही लेक." मी शेजारीच बसले होते. इतके दिवस मला वाटत होतं की मी आईवर जळते, आईनं माझी कुत्री पळवली म्हणून. पण जीपमध्ये माझी नजर आईच्या त्या हातावरून हटेना. या वयात, पोरांना शिस्त लावणारी बाई मी, आणि मला अजून कुत्रीचाच हेवा वाटतो.

हे कागद मी कुठे पाठवणार आहे? आईलाही दाखवणार नाही.